जड धनुष्य

गॅरेजमध्ये धनुष्याच्या दोरीला लावायच्या मेणाचा वास आला आणि मी तिथंच स्टुलावर बसलो. हल्ली उभं राहवत नाही.

दहा-बारा वर्षं झाली. इकडच्या रानात टर्की नावाचा मोठा पक्षी असतो, त्याच्या शिकारीसाठी मुलगा मला दुकानात घेऊन गेला होता.

"बाबा, ओढायला हलकं घ्या. जरा हललं तरी टर्कीला दिसतं. दोरी ताणून बराच वेळ थांबावं लागतं."

"मी हमाली केलेला माणूस. मला पोरासोरांचं देतोस होय?"

सगळ्यात जड तेच घेतलं.

रानात टर्कीचा नर वीस पावलांवर आला. दोरी ताणून त्यानं मान फिरवायची वाट बघता बघता माझे हात थरथरले. तो पळाला.

"धनुष्यच खराब आहे," मी म्हणालो.

"असेल बाबा."

दुकानात त्याचंच बरोबर होतं, हे आता कळतं. पुढच्या वर्षी तो एकटाच निघाला. मलाही ने, एवढं म्हणायला माझं तोंड उघडलं नाही.