चिठ्ठीत जे, तेच भांड्यावर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार माझ्या मामांचे आहेत, आणि त्यांच्या पोटावर पाय मीच दिला. ही दोन्ही वाक्यं एका दमात लिहायची हिंमत मला फार वर्षं झाली नाही. आज लिहितो आहे, कारण मामांनी कधी तक्रार केली नाही याचं अजूनही नातेवाईक कौतुक करतात आणि ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तक्रार करायला हवी होती. दुकानाच्या पायरीवर उभं राहून, चार लोकांसमोर, माझ्याविरुद्ध.

मामा भंडाऱ्यात एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावं टाकायचे. लग्नात आहेर करायचा तर लोक दुकानातून पाण्याचा पितळी गुंड नाहीतर परात घेत आणि मामांपुढे ठेवत, सोबत चिटोऱ्यावर लिहिलेलं नाव. मामा छोट्या छिन्नीनं टकटक करत ते नाव पितळेवर उतरवत. आमचं गाव सानगडीकडलं, सगळं धानाचं. आठवीपासून मी मामांच्या घरी राहून शिकलो. ते स्वतः चौथीपर्यंत. आमच्या दोन्ही घरांत मिळून पहिला पदवीधर मी, आणि तो त्या टकटकीवर झालो.

त्यांचा एकच नियम होता: चिठ्ठीत जे, तेच भांड्यावर. काम झालं की ती चिठ्ठी ते जवळच्या उभ्या तारेत खुपसून ठेवत. कुणी आठ दिवसांनी भांडत आलं, 'आमच्या जावयाचं नाव चुकवलं,' तर मामा हात लांब करून तारेवरून चिठ्ठी काढत. भांडणारा आपलंच अक्षर बघून आल्या पावली परत जाई. गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरही चार-पाच वर्षं तिकडचे लोक जुन्या सवयीनं 'जि. भंडारा' असं लिहून आणायचे. दुकानाचे शेठ हसायचे, "मिस्त्री, सांगा न त्याईले, आता गोंदिया झाला म्हणून."

मामा म्हणायचे, "त्याचं भांडं, त्याचा जिल्हा. मी कोण दुरुस्त करणारा?"

त्याच काळात नागपूरच्या एका व्यापाऱ्यानं शेठकडे एक वेगळंच काम दिलं. दोन कानांच्या, पसरट, पितळेच्या चाळीसेक वाट्या. स्कॉटलंडमधल्या एका कुळाचे देशोदेशी पांगलेले लोक कुठंतरी जमणार होते, त्यांच्यासाठी. वाटीच्या काठावर त्या कुळाचं ब्रीदवाक्य कोरायचं होतं. कूळ स्कॉटलंडचं, पण वाक्य फ्रेंच, तीन शब्दांचं. अर्थ होता, 'मी सज्ज आहे.' कागद टाइप केलेला, नीट.

मी तेव्हा बी.ए. होऊन नागपूरला एम.ए. करत होतो आणि संध्याकाळी फ्रेंचच्या वर्गाला जात होतो. दिवाळीला घरी आलो ते काखेत फ्रेंचचा छोटा शब्दकोश घेऊनच. मामांनी कौतुकानं कागद पुढे केला.

"बाबू, वाच बरं. हे तुह्या फ्रेंचातलं हाये म्हणतेत."

मी वाचलं आणि माझे डोळे चमकले. चूक! शेवटच्या शब्दात एस हे अक्षर होतं. शब्दकोशात ते नव्हतं; त्याऐवजी आधीच्या 'ई'वर एक टोपी होती. मी खिशातलं निळं पेन काढलं, कागदावरचा एस खोडला आणि 'ई'ला टोपी चढवली.

मामा कागदाकडे पाहत राहिले. "नागासारखं अक्षर होतं रे ते. वळण चांगलं येऊन राहिलं होतं. काहून काढलं?"

"चूक आहे मामा. छापणाऱ्याची."

"पन त्याईनंच असं देलं न?"

"त्यांना तरी कुठं येतं? मी शिकतो आहे न!"

मामी आतून ओरडली, "अवो, तुमचा नियम काय झाला?"

"नियम अडाण्यासाठी असते," मामा हसून म्हणाले. "घरात शिकलेला मानूस हाये आता. टोपी कशी घालू बाबू, तिरपी का सरळ?"

आम्ही तिघंही हसलो. इतकी वर्षं पाळलेला नियम त्या माणसानं माझ्या भरवशावर पहिल्यांदा मोडला, आणि मला ते कळलंसुद्धा नाही. मी चिवडा खात होतो.

होळीला परत आलो तेव्हा पायरीवर दुसराच माणूस कोरायचं मशीनचं पेन घेऊन गर्र गर्र करत बसला होता. मामा घरी होते. म्हणाले, "डोळे थकले. सोडलं." मी विश्वास ठेवला. शिकलेल्या माणसाला सोयीचं उत्तर लवकर पटतं.

दुसऱ्या दिवशी मामा कारध्याला एका मयतीला गेले. मामीनं फडताळातून घडी केलेला कागद काढला आणि माझ्यासमोर आपटला. तोच टाइप केलेला कागद. मध्ये तारेचं भोक. आणि माझ्या निळ्या पेनाची खोडाखोड.

"सगळ्या वाट्या वापस आल्या," ती म्हणाली. "त्या लोकाईचं वाक्य खराब केलं म्हणे. शेठनं भर दुकानात इचारलं, काय मिस्त्री, डोळे घरी ठेवून येता का? इंग्रजीचं काम अनपढाले देलं, हेच माह्यं चुकलं. गिऱ्हाईक हसत होते. आन् हे काय बोलले माहीत हाये? म्हणे, माह्या हाताची चूक. चिठ्ठी तारेवरच होती! हात लांब करायचा होता फक्त."

"मग का नाही दाखवली?"

"तुहं पेन दिसलं असतं न त्याच्यावर! शेठले हेच सांगत फिरत होते न सालभर, माहा भाचा नागपूरले फ्रेंच शिकून राहिला म्हणून. वरतून शेठ म्हणाला, उद्यापासून येऊ नका. तर हे तार घेऊन घरी आले, अन् हा कागद तेवढा काढून लपवला." पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "तुले सांगू नको म्हणले होते. मी सांगतो. मले नाही सहन होत."

नागपूरला परतल्यावर फ्रेंचच्या बाईंपुढे मी तो कागद ठेवला. त्यांनी एकदा पाहिलं आणि सहज म्हणाल्या, "हे जुनं फ्रेंच आहे. फ्रेंचांनी पुढे तो एस सोडला, पण या कुळांनी ब्रीदवाक्यात तसाच ठेवला. चूक नाही ती. कुणी खोडलं हे?"

मी कागद उचलला आणि घडी करून खिशात घातला.

त्या दिवशी आधी मला स्वतःचा राग आला, मग एकेकाचा येत गेला. शेठचा, कारण मूळ कागद कुठं आहे हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. ज्याची इतक्या वर्षांत एक चूक निघाली नव्हती, त्याची पहिली चूक निघाली तेव्हा तो अनपढ आहे एवढंच कारण त्यांना पुरलं. घरात एक शिकलेला माणूस आहे, तो चुकला असेल, ही शंका त्या अख्ख्या दुकानात कुणाला आली नाही. अडाणी चुकतो, शिकलेला दुरुस्त करतो, हे सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. मीही.

आणि त्या वाक्याचाही मला राग आला. शेकडो वर्षांपूर्वीचं एक मुकं अक्षर, आज फ्रान्समध्येही कुणी लिहीत नाही, ते त्या लोकांनी वाटीच्या काठावर अभिमानानं मिरवावं, आणि कुणी पुसलं तर सगळा माल परत पाठवावा. पाठवावाच, त्यांचा तो हक्क होता. पण मी होस्टेलवर पहिल्या दिवशी 'मले जेवाचं हाये' म्हणालो तेव्हा टेबलावरचे सगळे हसले होते. माझ्या आजीचं, पणजीचं 'मले'. त्याला कुणी जुनं म्हटलं नाही, गावठी म्हटलं. मी आठ दिवसांत ते तोंडातून धुऊन काढलं आणि 'मला' शिकलो. मोठ्या घरचं जुनं ते कुळाचार, आमचं जुनं ते अडाणीपण! आणि ज्या हातानं मी माझं पुसलं, त्याच हातानं दुसऱ्यांचं पुसायला निघालो होतो, वर मामांचा हात त्यात गुंतवला.

दोन रात्री पत्र लिहून फाडत होतो. पाठवलं ते असं:

मामा,

नमस्कार भेटल्यावर करीन, आधी हे वाचा. मामीवर ओरडू नका. तिनं सांगितलं नसतं तर मी जन्मभर तुमच्या डोळ्यांची काळजी करत बसलो असतो.

तुमच्या हाताची चूक नव्हती. कागद बरोबर होता, नागासारखं अक्षर बरोबर होतं. तुम्ही म्हणालात, 'त्याईनंच असं देलं न?' तेवढं एकच वाक्य त्या दिवशी घरात शहाणपणाचं होतं. चूक माझी. निळ्या पेनाची.

तुम्ही मला वाचवलंत, पण मला ते नको होतं. मी तुमच्यावर रागावलो आहे, हे लिहिताना लाज वाटते, तरी खरं आहे. तुमचं नाव घालवून माझं राखलंत. असं राखलेलं नाव घेऊन मी कुठं फिरू?

चिठ्ठी माझ्याजवळ आहे. येत्या रविवारी सकाळच्या बसनं येतो आणि सरळ दुकानात जातो. गर्दीच्या वेळीच जाईन, ज्यांच्यासमोर तुम्ही ऐकून घेतलंत त्यांच्यासमोर. शेठला कागद दाखवीन, पेन कुणाचं ते सांगीन आणि तुमची जागा परत मागीन. ते देतील की नाही, ठाऊक नाही. मशीनवाला त्यांना स्वस्त पडत असेल. पण तुम्ही चुकला नव्हता, हे त्यांना त्या पायरीवर ऐकावं लागेल.

तुम्ही या. तार घेऊन या. फक्त बाजूला उभे राहा. मी बोलताना 'जाऊ दे बाबू' म्हणू नका, मधे पडू नका, माझी चूक आपल्या अंगावर घेऊ नका. एकदा घेतलीत, तेवढं पुरे. माझं बोलून झालं की हात पुढे करा. चिठ्ठी मी तुमच्या हातात देईन, आणि तुम्ही ती सगळ्यांदेखत तारेवर लावा.

तुमचा भाचा