ज्वालामुखीचं पाणी आणि चिमूटभर राख

दुष्काळाच्या साली परभणीत प्यायला पाणी नव्हतं आणि माझ्या टेबलावर मात्र ज्वालामुखीचं पाणी होतं. मी तेव्हा तिथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. आमच्या विभागप्रमुख सरांना परदेशातल्या मित्राने ज्वालामुखीजवळच्या गरम झऱ्याच्या पाण्याची एकच बाटली पाठवलेली. ते तपासायचं काम सरांनी मला दिलं. अशा गरम झऱ्यांच्या पाण्यावर संशोधन करायला पुण्याच्या एका संस्थेत जागा निघाली होती आणि तिथले एक प्राध्यापक माझं काम बघायला येणार होते. काम पटलं तर जागा माझी. मी तर मनातल्या मनात बिस्तरा बांधूनही ठेवला होता.

पाणी दिसायला साधं, नितळ. निळा लिटमस बुडवला की लालभडक. जमिनीखालून हायड्रोजन सल्फाइड वर येतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. वरच्या पाण्यात त्याला ऑक्सिजन भेटला की त्याचं गंधकाम्ल होतं. मग ते पाणी खडक खात सुटतं, त्यातलं लोह, ॲल्युमिनियम विरघळवून घेतं. पण खडकही काही कमी नाही. पाणी त्याच्यात बराच काळ मुरलं तर तो त्याची सगळी आग मारून टाकतो. मला या सगळ्याचं लय वेड लागलं होतं. आपल्या पेडगावचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हाच, असं मी बापाला सांगितलं. तो त्या साली दुष्काळी कामावर खडी फोडायचा. म्हणाला, "मंग थिजलाय कुठं? आमचे हात तर रोज भाजायलेत."

प्रयोगशाळेत एक म्हातारे शिपाई होते. माणूस कष्टाळू, कुणाला कधी वाकडा शब्द नाही. फक्त मी वापरलेली काचेची भांडी ते वेगळ्या फळीवर ठेवायचे आणि राखेने घासायचे. बाकीच्यांची नुसती विसळायचे. आम्ही छप्पन सालीच बौद्ध झालो होतो, पण त्यांच्या लेखी आम्ही होतो तेच होतो. सरांना हे माहीत होतं. मलाही माहीत होतं आणि मी गप्प होतो, हे सांगून टाकलेलं बरं. राख आम्लाला मारते, म्हणून दर वेळी मी माझं भांडं डिस्टिल्ड वॉटरने तीनदा विसळून घ्यायचो. अपमान गिळायचा आणि भांडं विसळायचं, असं बिनबोभाट चाललं होतं.

पाहुणे यायच्या आदल्या दुपारी सरांनी मला आकडे रजिस्टरमध्ये नीट उतरवायला बसवलं आणि टेबल मांडायला शिपायांना सांगितलं. परदेशी बाटलीचं बूच फुटलेलं, म्हणून त्यांनी उरलंसुरलं पाणी दुसऱ्या बाटलीत ओतलं. काम माझं, म्हणून बाटलीही माझ्याच फळीवरची घेतली. तपकिरी काचेची, राखेने घासलेली, आणि पाण्याची टंचाई म्हणून घोटभर पाण्यात विसळलेली. तळाला राख तशीच होती. तपकिरी काचेतून कुणाला काय दिसणार?

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर मी त्यातलं पाणी फ्लास्कमध्ये घेतलं आणि मिथिल ऑरेंजचे दोन थेंब टाकले. आम्लात ते लाल व्हायला हवं होतं, ते पिवळं झालं. निळा लिटमस बुडवला, तो निळाच राहिला. बाटली हलवली तर आतून तांबूस गाळ आला. विरघळलेलं लोह सगळं खाली बसलं होतं. पाहुण्यांनी रजिस्टर पुढे ओढलं आणि विचारलं, "हे आकडे कुठून आणलेत?"

बाटलीवर नजर गेली आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. मी शिपायांना विचारलं, बाटली कुठली घेतली? ते बिचारे खरं तेच बोलले. "तुमचीच की मास्तर. राखंनं घासलेली हाय, लय सोच्छ."

"राखेने का?" पाहुणे म्हणाले.

शिपाई माझ्याकडे बघायले, मी सरांकडे. सर हसून म्हणाले, "गावाकडची माणसं आहेत ती. पण भांडं तपासून घेणं यांचं काम होतं."

यांचं म्हणजे माझं. पाहुण्यांना घेऊन सर चहाला गेले, तेव्हा रागाच्या भरात मी रजिस्टरमध्ये लिहिलं की नमुना राखेमुळे बिघडला, आणि इथे राख फक्त माझ्याच भांड्यांना लावली जाते. सर एकटेच परत आले, वाचलं आणि आवाज न चढवता म्हणाले, "दुसरं वाक्य खोडा. कॉलेजची अब्रू जाईल. तुमच्या जागेचं मी बघतो." मी खोडलं. नुसती रेघ नाही मारली, आतलं एक अक्षर कुणाला लागू नये म्हणून टाक दाबून दाबून खोडलं.

निघताना पाहुण्यांनी रजिस्टर पुन्हा मागितलं. त्या काळ्या डागावर बोट ठेवून त्यांनी मला विचारलं, "इथे काय होतं?" माणूस भला असावा, उत्तराची वाट बघत थांबला होता. सर शेजारीच उभे होते.

मी म्हणालो, "काही नाही सर. हलगर्जी झाली माझी."

त्यांनी अहवालात तेच लिहिलं आणि जागा दुसऱ्या कुणाला तरी दिली. त्यांना दोष देता येत नाही. उमेदवाराने स्वतःच्या तोंडाने कबुली दिली होती.