मास्तरांचं पहिलं टेबल

मास्तरांनी एकतीस वर्षं सुतारकाम शिकवलं आणि त्या एकतीस वर्षांत स्वतःच्या घरासाठी एक स्टूलसुद्धा केलं नाही. हे ते स्वतःच सांगतात, फक्त सांगताना जरा घसा खाकरतात. तंत्रशाळेत त्यांचं काम सांध्यांचं. एक तुकडा दुसऱ्या तुकड्याला काटकोनात बसवायचा, गुण्या लावून काटकोन तपासायचा, उजेडाकडे धरायचा आणि फटीतून एवढासा जरी प्रकाश दिसला तरी तो मुलाच्या हातात परत द्यायचा, "पुन्हा." असे हजारो सांधे त्यांनी केले आणि करवून घेतले. काही भिंतीवर टांगले, बाकीचे जळणात गेले. पण चार पाय, वर फळी आणि त्यावर कुणीतरी ताट ठेवील अशी एकही वस्तू त्यांच्या हातून पुरी झाली नव्हती.

टेबलाचा विषय निघाला तो मास्तरीणबाईंच्या गुडघ्यांवरून. डॉक्टरांनी त्यांना खाली बसायची बंदी केली, तेव्हापासून बाई स्वयंपाकघरात ओट्यावर ताट ठेवून उभ्याने जेवायच्या. खाली चटईवर मास्तर एकटे, समोर बायकोच्या टाचा. मुलगा फोनवर म्हणाला, बाबा, दुकानातून टेबल पाठवतो, उद्या दारात येईल. मास्तर उखडले. सुताराच्या घरात दुकानातलं टेबल यायला लागलं, तर उद्या न्हावीसुद्धा केस कापून घ्यायला दुसऱ्याकडे जाईल.

"जातोच की," बाई म्हणाल्या. "स्वतःची मान स्वतः कोण भादरतो?"

मास्तरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि दोन महिन्यांचा शब्द दिला. त्याला आता आठवा महिना लागला होता. सात महिने बाई उभ्या होत्या आणि त्याबद्दल बोलत नव्हत्या. त्या बोलल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं. निदान भांडता आलं असतं.

लाकूड मात्र असं मिळालं होतं की पाहणाऱ्याने हात पुसून मगच हात लावावा. वखारीतून अक्रोडाच्या दोन फळ्या आणल्या होत्या, एकाच ओंडक्यातून सलग निघालेल्या. पुस्तक उघडावं तशा शेजारी ठेवल्या की डावीकडची लाट उजवीकडे तशीच उलटी उमटायची, जणू कुणी पाण्यावर मधोमध फुंकर मारली आहे. पायांना शिसवी, काळ्या रेघांची. मागच्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांखाली मास्तरांनी संसार मांडला आणि पहिल्याच दिवशी रंधा मारला. बोटभर ढलपी उडून शेजारच्या टॉवेलवर जाऊन बसली. फळीला खड्डा.

आता मास्तरांचं एक वाक्य होतं. तंत्रशाळेच्या एकतीस तुकड्यांनी त्याची नक्कल केली होती, नाकातून, मान तिरकी करून, शेवटचं अक्षर लांबवून: "मला काय विचारतोस, लाकडाला विचार, बाळाऽऽ." रेषा जिकडे झुकते तिकडे रंधा चालव, एवढाच त्याचा अर्थ. मास्तरांनी लाकडाला विचारलं. लाकूड या इंचाला म्हणालं डावीकडून ये, पुढच्या इंचाला म्हणालं उजवीकडून. डावीकडून गेलं की उजवी लाट उखडायची, उजवीकडून गेलं की डावी. पातं परजलं. ते इतकं आत घेतलं की सालपट फुंकरीने उडावं. फळी ओल्या फडक्याने पुसून पाहिली, तिरका रंधा मारून पाहिला. चार बोटं गुळगुळीत झाली की पाचव्याखाली खड्डा तयार, आणि खड्डा घालवायला सगळी फळी खाली न्यायची. सव्वा इंचाची फळी इंचावर आली. बाईंनी एकदा गॅलरीच्या दारातून डोकावून, सहज विचारल्यासारखं, शेवटी कागद उरणार का, एवढं विचारलं होतं.

त्यात शाळेतला पहिला नंबर. नेहमी पहिला यायचा, आता मास्तरांच्याच जागेवर शिकवतो. त्याने चौकशीसाठी फोन केला, मास्तरांनी मोकळेपणाने रडगाणं गायलं, आणि पलीकडून नाकातून, मान तिरकी असल्याचं नुसत्या आवाजावरून कळेल असं उत्तर आलं: "सर, लाकडाला विचारलंत का?" मास्तरांनी फोन ठेवला. नंतर बाईंना सांगितलं, लाइन कट झाली.

आठ दिवसांनी आला ठोकळा, वर्गात त्याला सगळे हेच म्हणायचे. हा सांध्याच्या परीक्षेत दोनदा नापास झालेला. त्याच्या वहीवर मास्तरांनीच लाल शाईने लिहिलं होतं, 'लाकूड वाया घालवतो.' आता त्याचा स्वतःचा कारखाना होता, हाताखाली अकरा माणसं. त्याने फळीवरून अंगठा फिरवला, रंधा उचलून बाजूला ठेवला आणि खिशातून जुन्या करवतीच्या पात्याचा पत्त्याएवढा तुकडा काढला. दोन्ही अंगठ्यांनी तो जरा वाकवला आणि फळी खरवडू लागला. भुसभुशीत काहीतरी निघालं, सालपट नाही, भुसा नाही, मधलंच काही. खाली लाट जशीच्या तशी, एक रेघ उखडली नाही.

असले तुकडे मास्तर वर्गात जप्त करायचे. खरवडायचं असेल तर भांडी घासायला जा, म्हणायचे. ठोकळ्याला ते आठवत असणारच, पण त्याने तो विषय काढला नाही. तुकडा तिथेच ठेवून, येतो सर, म्हणून गेला. त्याने टोमणा मारला असता तर मास्तरांनी त्याला पुन्हा नापास केलं असतं आणि मन हलकं झालं असतं. आता नुसतं खरवडणंच उरलं. पातं घासून घासून तापतं, ते अंगठ्याला बसतं. महिनाभरात दोन्ही अंगठ्यांना फोड आले, बाईंनी मलम लावलं आणि उभ्यानेच जेवल्या.

आणि एका रविवारी टेबल झालं. पाय खाली निमुळते, शिसवीच्या काळ्या रेघा तळाशी येऊन टोकात मिळणाऱ्या. तेलाचा हात फिरवल्यावर अक्रोडाच्या लाटा अशा वर आल्या की मास्तरांनी खिडकी लावून घेतली, धूळ नको. उचलायला दोघे शिष्य आले होते. स्वयंपाकघराच्या मधोमध टेबल ठेवलं, तिघे भोवती उभे राहिले आणि हात फिरवू लागले. पहिल्या नंबरने सांध्यात कागद घालून पाहिला, गेला नाही. ठोकळा म्हणाला, उंची काय साधलीय, हात आपोआप येतो वर. आठ महिन्यांत पहिल्यांदा मास्तरांचे खांदे खाली आले. आतल्या खोलीतून खुर्ची यायला लागतो तेवढाच वेळ ते खाली राहिले.

बाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. टेबलाची कड त्यांच्या काखेला लागली. त्यांनी दोन्ही हात वर करून फळीवर ठेवले, आणि ते पहिलीच्या मुलीने गुरुजींच्या मेजावर ठेवावेत तसे दिसले. ताट ठेवलं असतं तर वाटीत काय आहे ते वाकून नव्हे, उठून पाहावं लागलं असतं.

मग बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"अहो, मला उभं राहायचा कंटाळा आला होता, म्हणून टेबल करायचं होतं ना?"

पहिल्या नंबरने टेप लावला. चौतीस इंच. तंत्रशाळेतल्या कामाच्या बाकाची उंची, दोऱ्याचाही फरक नाही. मास्तरांनी ती टेपाने मोजलीच नव्हती. सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचा, मनगटाशी खूण करायची. हेच एकतीस वर्षं शिकवलं होतं, त्यामुळे कंबर दुखत नाही. खोलीत तिघे सुतार होते, तिघेही त्याच बाकावर उभे राहून वाढलेले. बसणारं माणूस त्यांच्यात एकच होतं आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं.

पहिल्या नंबरने उंच स्टुलाचा पर्याय सुचवला. बाईंनी विचारलं, गुडघे लोंबकळत ठेवून जेवू का? ठोकळा म्हणाला, "कापा सर. साडेचार इंच."

मास्तरांचा चेहरा असा झाला की कुणी त्यांच्याच पायाबद्दल बोलतंय. त्या साडेचार इंचांतच तर सगळं होतं. ते निमुळतेपण, त्या रेघा. ते काढलं की उरणार हत्तीचे पाय. त्यांनी रागारागाने समजावून सांगितलं की खुर्ची उंच करता येईल, खुर्चीखाली फळ्या घालता येतील, निदान उद्या बघता येईल, आज उजेड बरोबर नाही. दुपारचा एक वाजला होता.

बाई उठल्या. त्यांनी वाढून घेतलं, ताट ओट्यावर ठेवलं आणि तिघांकडे पाठ करून उभ्याने पहिला घास घेतला.

"चटई आणा," मास्तर म्हणाले.

चटईवर टेबल उलटं केलं. शिष्यांनी पाय धरले. मास्तरांनी चारी बाजूंनी खुणा केल्या, पुन्हा केल्या, आणि करवत चालवली. प्रत्येक तुकडा पडला की ते तो न बघता पायाने बाजूला सारायचे. चारही झाल्यावर टेबल सुलटं केलं आणि एका कोपऱ्यावर हात ठेवला. टक्. टेबल हललं. चौथा पाय कागदाइतका आखूड. एकतीस वर्षं ज्याने फटीतला प्रकाश पाहून पोरांना परत पाठवलं, त्याच्या पायाखाली प्रकाश.

मास्तरांनी पुन्हा करवत उचलली. उरलेल्या तीन पायांतून कागदाइतकं, मग त्यातला एखादा जास्त कापला जाणार म्हणून पुन्हा. ठोकळ्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. पण तोवर बाईंनी ताट ओट्यावरून टेबलावर आणलं होतं आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या होत्या. कोपरं सहज फळीवर आली होती.

"आता काही कापायचं नाही. तुम्हीही बसा. अरे, तुम्ही दोघंही हात धुऊन या."

मास्तर बसले, त्या हलणाऱ्या कोपऱ्याशीच. डावं कोपर त्यांनी कोपऱ्यावर रोवलं आणि सगळा भार त्यावर दिला. टेबल थांबलं. उजव्या हाताने जेवत राहिले. कोपर बधिर व्हायला लागलं, फोड आलेला अंगठा झणझणायला लागला, आणि आतल्या आत त्यांची चिडचिड चाललेली की हे असं किती दिवस.

समोर बाईंचं ताट रिकामं झालं. त्यांनी भांडं पुढे ओढून दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मास्तर बघत राहिले. गेले आठ महिने त्या दुसऱ्यांदा वाढून घेत नव्हत्या, हे त्यांच्या आज ध्यानात आलं. उभ्याने कोण दोनदा जेवतं?

"असे काय तिरके बसलात?" बाई म्हणाल्या. "नीट जेवा की."

"जेवतोय," मास्तर म्हणाले, आणि कोपर तसंच ठेवलं.