मच्छीमारांसाठी सूचना

पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या आमच्या इमारतीत रेडिओ फक्त स्वयंपाकघराच्या गॅलरीतच लागायचा. तोही कोपऱ्यात, वॉशिंग मशीनवर ठेवला तर. हॉलमध्ये आणला की नुसती खरखर. म्हणून बायको गेल्यावर माझी खुर्चीसुद्धा गॅलरीत आली. मुलगी बंगळूरहून व्हिडिओ कॉल करते तेव्हा ओरडते, "बाबा, किती पसारा तिथे!" पसारा कसला, मी एकटा माणूस.

रोज सकाळी बातम्या संपल्या की हवामान लागायचं आणि मग मच्छीमारांसाठी सूचना. वारा किती, लाटा किती, समुद्रात जावं की नाही. मी आयुष्यभर कारकुनी केली. होडीत कधी पाय ठेवला नाही, पोहता तर अजिबात येत नाही. तरी ती सूचना मी कान देऊन ऐकायचो, कारण त्यानंतर थोड्याच वेळात आमची कोळीण यायची.

ती उरणच्या बाजूची. मुलगा होडीवर जातो, ही पाटी घेऊन पनवेलला येते. दारात पाटी टेकवायच्या आधी विचारायची, "काय बोलला रेडू?" मी सांगायचो. मग तिथेच बसून ती मासळी साफ करून द्यायची आणि आम्ही दोन शब्द बोलायचो. बायको होती तेव्हा त्या दोघी पाटीतल्या निवट्यांच्या भावावरून तासभर भांडायच्या, हसायच्या. मी आतून फक्त हवामान सांगायचो. आता सगळंच माझ्यावर आलं. खरं सांगायचं तर ती आली नाही की दिवसभर माझ्याशी माणूस बोलत नाही. खालचा वॉचमन हात करतो, पण ते काही बोलणं नव्हे.

आणि एक दिवस रेडिओवरच सांगितलं, हे केंद्र आता रेडिओवर लागणार नाही, कार्यक्रम मोबाईलवर ऐका. अरे, वा! म्हणजे ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांनी काय कानात बोटं घालून बसायचं? मला भयंकर राग आला. तसे मोबाईलवर गाणी-गप्पांचे ढीग आहेत, पण ते सगळं माझी आवड ओळखून मलाच वाढलेलं. रेडिओ माझ्याशी असा कधी लाडीगोडीने वागला नाही. कांद्याचा भाव, हरवलेल्या माणसाचं वर्णन, खवळलेला समुद्र, माझा काडीचा संबंध नसलेलं सगळं तो ऐकवायचा. म्हणून तर कोळणीला सांगायला माझ्याकडे काहीतरी असायचं. आता तेच गेलं तर ती कशाला थांबेल? पाटी टेकवेल, मासळी देईल, निघून जाईल.

मुलीने फोनवरून शिकवून शिकवून ॲप टाकून घेतलं. दुसऱ्या दिवशी लवकर उठून बसलो. बातम्या नीट लागल्या. हवामान सुरू झालं आणि स्क्रीनवर ते मेलं चाक गरगर फिरायला लागलं. थांबलं तेव्हा भलतीच कुणाची तरी मुलाखत चालू होती. सूचना निघून गेली होती. तेवढ्यात बेल वाजली.

"काय बोलला रेडू?"

हिचा मुलगा पाण्यात, आणि मी काय सांगू? "मावशी, आज ऐकायला नाही मिळालं हो," कसंबसं म्हणालो. "रेडिओ बंद झाला. हे नवीन काही धड चालत नाही. तुम्ही मुलाला जरा जपून..."

ती हसायलाच लागली. कमरेच्या पिशवीतून मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. "भाऊ, आमच्या ग्रुपवर पहाटंलाच येतं सगलं. पोरगा गेलाय, वारा काय नाय आज."

"हे कधीपासून येतं तुम्हाला?"

"झाली की वरसं. वैनी व्हत्या तवापासून."

"मग रोज मला का विचारता?"

तिने मासळी पुढे ओढली, मान वर न करता म्हणाली, "वैनी गेल्या, आनि तुमी गप झालात. रेडूचं इचारलं तरच तोंड उघडतं तुमचं. दुसरं काय इचारू मी?"

तिने मासळी साफ करून दिली. पाटी डोक्यावर घ्यायला हात लागतो, तो मी नेहमीसारखा दिला. जिन्यावरून ती म्हणाली, "उद्या रेडू नाय. तुमीच कायतरी सांगा."

ती गेल्यावर मी गॅलरीत येऊन बसलो. उद्या काय सांगायचं याचा विचार करत राहिलो. एवढा एकटा पडलो होतो मी, आणि ते फक्त तिला कळलं होतं. मला रडू आलं. संध्याकाळपर्यंत एक वाक्य जमलं. विसरायला नको म्हणून ते रिकाम्या घरात मोठ्याने म्हणून पाहिलं:

"तुमच्या वहिनीला निवट्या फार आवडायच्या."