शेंडे आणि बिनआवाजाची मोटर

प्रभाकर शेंडे मला पहिल्यांदा भेटला तो गुडघ्यांवर बसलेला. मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या ऑफिसात मी रुजू झालो त्या सकाळी तो माझ्या खुर्चीखाली टेप घालून तिची उंची मोजत होता. "बस ना, लाजू नको," तो म्हणाला. "तुझ्या आधीच्या माणसाची कंबर याच खुर्चीनं गेली. कोणी मोजलंच नव्हतं." गाड्यांच्या सीटची मापं तपासणं ही त्याची नोकरी. पण नोकरी आठ तासांची होती आणि शेंडे चोवीस तासांचा. पट्ट्याला तीन मीटरची टेप कायम लटकलेली. आमच्या सत्यनारायणाला आला तेव्हा प्लास्टिकचे केळीचे खांब दीड इंच तिरके आहेत, हे त्याने गुरुजींना कथा थांबवून सांगितलं.

"अंदाज म्हणजे आळस, लेले," हे त्याचं ब्रह्मवाक्य. कोणी काहीही सांगो, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "मोजलं का बे?" माझं लग्न ठरल्याची बातमी दिली तेव्हाही तोंडातून तेच निघालं. मग मात्र ओशाळून त्याने हात मिळवला.

दोन हजार सहाच्या मे महिन्यात त्याचे बाबा भंडाऱ्याकडच्या गावाहून सहा महिन्यांसाठी आले. जातीचे ढीवर. जन्मभर गावच्या तलावात डोंगा घालून मासे धरले, पण पोराला डोंग्यात पाय ठेवू दिला नाही. तू शाळेत जा, म्हणाले. पोरगा शाळेत गेला तो थेट मिशिगनला पोचला. आता त्याला एकच गोष्ट करायची होती. बाबा परत जायच्या आत त्यांना एकदा आपल्या बोटीतून न्यायचं, आणि तेही आवाज न करता. "बाबा म्हणतात, आवाज केला का मासा गेला. पेट्रोल इंजिनवर फिशिंग नाही जमत यार."

त्यासाठी त्याने बास नावाचा मासा धरायची एक जुनी बोट आणून गॅरेजमध्ये ट्रेलरवर ठेवली. तिला मागे मोठं इंजिन होतंच. ते तळ्याच्या मध्यापर्यंत नेतं. पुढे नाकावर बॅटरीवरची एक छोटी मोटर बसवायची असते. ती पाण्याखाली पंखा फिरवत बोट हळूच सरकवते, आणि माशाला पत्ता लागत नाही. इथे तिला ट्रोलिंग मोटर म्हणतात. ती तेवढी निवडायची राहिली होती.

आमच्याकडे मुलगी पसंत करायला दोन संध्याकाळी लागतात. शेंडेने मोटर पसंत करायला अडीच महिने घेतले. बारा व्होल्ट की चोवीस? पायाने चालवायची की हाताने? एक्सेलची शीट इतकी वाढली की तिच्यात कंपनीची निम्मी कामं मावली असती. बोटीच्या एकूण वजनाच्या दर शंभर पौंडांमागे मोटरचा जोर दोन पौंड हवा, असा काहीसा नियम होता. त्यामुळे बसणाऱ्या सगळ्यांची वजनं लागणार होती.

"लेले, तुझं वजन सांग."

"एकशे साठ."

"मोजलं का?"

"मोजलं."

मोजलं होतंच. एकशे पंच्याऐंशी भरलं होतं. पुणेकर स्पष्टवक्ता असतो, पण दुसऱ्याच्या वजनाबद्दल.

इकडे बाबा रोज दुपारी गॅरेजमध्ये जाऊन ट्रेलरवरच्या बोटीत मांडी घालून बसत. गावाला फोन करून त्यांनी अभिमानाने सांगितलं, पोरगा मोटर घेऊन राह्यला. तिकडून प्रश्न आला, विहिरीले पानी किती लागलं? मोटर म्हणजे विहिरीवरचीच, गावाला दुसरी माहीत नव्हती. बाबांनी फोन ठेवला आणि बोटीतूनच पोराला हाक मारली, "बापू, इथं पानी कधी येते रे?" बापू त्या वेळी मोटरच्या दांड्याची लांबी ठरवत होता.

दांड्याची लांबी ठरवायला बोटीचं नाक पाण्यापासून किती उंच राहतं ते कळावं लागतं. साध्या माणसाने बोट तळ्यात सोडून पाहिली असती. शेंडेने सगळ्यांच्या वजनांवरून बोट मागेपुढे किती बुडेल याचं गणित गॅरेजमध्येच मांडलं. बेचाळीस इंच दांडा, पंखा पाण्याखाली बरोबर बारा इंच. सप्टेंबरात त्याने मोटर नाकावर ठेवून चार भोकांच्या खुणा केल्या, सात वेळा मोजल्या, आणि भोकं पाडली. बोल्ट वरून घातले. खालून नट लावायच्या फटीत माझा हात एक तास अडकला. शेंडेने तेवढ्यात ती फटही मोजून घेतली.

अखेर ऑक्टोबरातला शेवटचा रविवार उजाडला. बुधवारी बाबांचं विमान. तळ्याकाठी बाबांनी कानटोपी नीट केली, नारळ फोडला, मोटरला कुंकू लावलं. मध्यापर्यंत जाऊन शेंडेने मोठं इंजिन बंद केलं, पुढे येऊन नवी मोटर पाण्यात सोडली आणि तिच्या पेडलवर पाय दाबला.

घर्रर्र! पंखा अर्धा पाण्याबाहेर, आमच्या अंगावर पाणी उडवत होता. तळ्यातले मासे त्या आवाजाने कॅनडात पोचले असावेत.

शेंडेने पाय काढला. खिशातून गणिताचा कागद काढून पुन्हा पुन्हा वाचला. "असं होऊच शकत नाही," तो म्हणाला. मी मागच्या खुर्चीत थर्मास धरून, माझ्या पंचवीस पौंडांवर बसून होतो. तोंड उघडायची हिंमत झाली नाही. त्याची आजही लाज वाटते.

मधे बसलेल्या बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "लेलेसायेब, तुमी पुढं या जी. बोट मांगं दबली."

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. नाक खाली आलं, पंखा पाण्यात गेला. शेंडेने पाय दाबला आणि बोट निघाली. आवाज नाही.

"बाबा, तुम्ही मोजलं कधी?"

"मोजाचं काहाले? दिसून राह्यलं ना."

मी माझं खरं वजन सांगून टाकलं. शेंडेने ऐकलंसुद्धा नाही. बाबा हात करतील तिकडे बोट वळत होती. "थांब. आता चाल. त्या गवताच्या कडंनं." डोंग्यात कधीही न घेतलेल्या पोराला बाप पहिल्यांदा मासा कुठे बसतो ते सांगत होता, आणि पोरगा टेपला हातही न लावता ऐकत होता.

बाबा बुधवारी गेले. त्याच हिवाळ्यात गावी वारले, आणि शेंडे पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. पुढे दोन हजार आठमध्ये आमच्या कंपनीने माणसं कमी केली, त्यात त्याची नोकरी गेली आणि बोट माझ्याकडे ठेवून तो भारतात, नागपूरला परतला. माझ्या डोळ्यांसमोर राहिलाय तो मधल्या, दोन हजार सातच्या उन्हाळ्यातला शेंडे.

त्या दिवशी काठावरून निघताना आम्ही दोघेच होतो. मी शहाण्यासारखा आधीच पुढे जाऊन बसलो, तरी नाक जरा वर राहिलं. शेंडे काठावर उतरला. त्याने पाण्याचे दोन मोठे कॅन बाबांच्या जागेवर ठेवले आणि मगाने भरायला लागला. एक मग घालायचा, मागे सरून बोटीकडे बघायचा, पुन्हा एक. टेप पट्ट्याला नव्हती. शेवटी त्याने अर्धा मग परत तळ्यात ओतला आणि झाकणं लावली. बोट सरळ झाली.

"मोजलं का बे?" मी सवयीने चिडवलं.

"नाही," कॅनवर हात ठेवून तो म्हणाला. "बाबा एवढेच होते."