त्र्यंबकराव कर्णिकांची हजेरी

२ मार्च १८९१, सोमवार. कोपरीचे त्र्यंबक महादेव कर्णिक यांचे फेब्रुवारीचे पेन्शन, रुपये सतरा आणे आठ, सरकारी खजिन्यातच राहिले. पेन्शनर स्वतः कचेरीत हजर होते, धुतलेला अंगरखा आणि पागोटे घालून. अडचण एवढीच झाली, की आपण गैरहजर असल्याचे त्यांनीच सांगितले.

रीत साधी होती. महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी पेन्शनराने कचेरीत यायचे, आपले नाव आपल्या तोंडाने सांगायचे, मग कारकुनाने अंगावरची खूण पुस्तकाशी ताडून पैसे मोजायचे. मेलेल्यांच्या नावावर जिवंत माणसे पेन्शन खातात, असा सरकारला अनुभव होता. जिवंत माणूस स्वतःचेच नाव विसरेल, हा अनुभव यायचा होता.

खजिन्याचे कारकून राघोपंत त्या दिवशी सबुरीने वागले. पेन्शनर गप्प उभे आहेत हे पाहून त्यांनी आपण होऊन विचारले, "आपणच त्र्यंबक महादेव कर्णिक ना?"

"कर्णिक मिठागरावर गेलेत," त्र्यंबकराव म्हणाले. "संध्याकाळी या."

राघोपंतांनी ते इमानाने लिहून घेतले. पेन्शनर कामावर असल्याचे हजर इसमाकडून समजते. नोकरीत असलेल्यास पेन्शन देता येत नाही. खुलासा होईपर्यंत रक्कम तहकूब. एकाही वाक्यात चूक सापडू नये, अशी ती नोंद होती.

बरोबर गेलेला पुतण्या श्रीपाद घरी येऊन हे सगळे काकूला सांगत होता, तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता. निदान पाडलेला होता. श्रीपाद कल्याणला रेल्वेच्या पार्सल कचेरीत होता. काकांचे डोके फिरल्यापासून तो दर आठवड्याला येऊ लागला होता. डोके ठीक होते तेव्हा वर्षातून एकदा, दिवाळीला यायचा.

"काकू, आता एकच उपाय. मोठ्या डॉक्टरांकडून वेड लागल्याचा दाखला घ्यायचा. मग पेन्शन घरातल्या जबाबदार पुरुषाच्या हाती देतात."

"घरात दुसरा पुरुष कुठाय?"

"म्हणजे मीच की. तुम्हाला लागेल तेवढं मी देत जाईन."

भागीरथीबाईंनी 'लागेल तेवढं' हे शब्द नीट ऐकून घेतले. चुलीपुढे चाळीस वर्षे काढलेल्या बाईला, लागेल तेवढे ठरवणारा माणूस दुसरा असला की काय होते, हे शिकवावे लागत नाही. शिवाय कागदावर एकदा वेडा लिहिला गेलेला माणूस पुन्हा शहाणा लिहिला जात नाही.

आणि यांना वेडे तरी कसे म्हणावे? ते सकाळी उठत, आंघोळ करत, जेवताना माशाचा काटा बिनचूक काढत. फक्त काळ सरकला होता. मीठखात्यातली तीस वर्षे जागच्या जागी होती, नंतरची आठ वर्षे पुसली गेली होती. त्या पुसलेल्या वर्षांबरोबर बायकोही थोडी पुसली गेली होती. वैद्यांनी उष्णता डोक्यात चढली म्हणून सांगितले आणि ब्राह्मी दिली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मेंदू आक्रसत चालला आहे, याला औषध नाही, असे सांगितले. औषध नसल्याचा एक रुपया घेतला. मागच्याच आठवड्यात त्र्यंबकरावांनी स्वयंपाकघरातली मिठाची बरणी जप्त केली होती. "परवाना दाखवा, बाई." भागीरथीबाईंनी जुन्या पंचांगाचे एक पान पुढे केले. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचले, मान डोलावली आणि बरणी सोडून दिली. खात्यात असतानाही कागद दिसला की ते समाधान पावत.

महिनाभर भागीरथीबाईंनी तालीम घेतली.

"तुमचं नाव काय?"

"तुम्हाला ठाऊक नाही? मग या घरात कशा?"

बिनतोड सवाल होता. नाव ठाऊक होते, पण सांगता येत नव्हते. नवऱ्याचे नाव बायकोने तोंडाने घ्यायचे नसते. लग्नात उखाण्यात घेतले ते घेतले. म्हणजे घरात दोन माणसे, नाव एकच, एकाला ते आठवत नाही आणि दुसरीला ते उच्चारता येत नाही. अशा थाटात तीस दिवस तालीम चालली.

१ एप्रिलला त्या स्वतःच बरोबर निघाल्या. कचेरीत बाई आलेली पाहून चार-पाच पेन्शनर उगाच खाकरले. श्रीपाद दाखल्याचा अर्ज लिहून, घडी घालून, खिशात ठेवूनच आला होता.

"आपलं नाव?" राघोपंतांनी विचारले.

"तुमची बदली कुठून झाली?" त्र्यंबकरावांनी विचारले.

"आपलं नाव सांगा आधी."

"पाणी किती इंच आहे मिठाच्या वाफ्यात?"

राघोपंतांनी लेखणी खाली ठेवली. भागीरथीबाई दाराशी होत्या, त्या पदर सावरून पुढे आल्या. "अहो, तुम्ही नाव विचारू नका. हाक मारून बघा."

"ते नियमात बसत नाही. मागच्या खेपेला मी नाव उच्चारलं, तर तीन पत्रं लिहावी लागली."

"श्रीपाद, तू मार."

"काकू, कशाला त्यांना शिणवता?" श्रीपाद मायेने म्हणाला आणि खिशातली घडी काढू लागला.

तेवढ्यात त्र्यंबकरावांची नजर टेबलावरच्या उघड्या पुस्तकाकडे गेली. रेघा आखलेल्या, नावे एकाखाली एक. ते ताठ झाले. "हजेरी सुरू झाली का?"

भागीरथीबाईंनी एकदा पुतण्याकडे पाहिले. मग भिंतीकडे तोंड करून, खणखणीत आवाजात म्हणाल्या, "त्र्यंबक महादेव कर्णिक. मीठखातं, कोपरी."

"हजर," त्र्यंबकराव म्हणाले आणि सहीसाठी लेखणी मागितली.

माणूस स्वतःचे नाव विसरतो, याचे तिथे कोणाला फारसे नवल वाटले नव्हते. बायकोने नवऱ्याचे नाव चारचौघांत घेतले, याने मात्र एका म्हाताऱ्याच्या हातची तपकीर सांडली. राघोपंतांनी नियमांचे पुस्तक पुढून मागून चाळले. पेन्शनरास पत्नीने हाक मारू नये, असे कलम कुठेच सापडेना. असले कलम लागेल, हे कायदा करणाऱ्यांच्या स्वप्नातही आले नसावे.

"नाव पुन्हा सांगा," ते शेवटचा उपाय म्हणून म्हणाले.

"कर्णिक. एकदा हजेरी घेतलीत ना?"

खूण जुळली, सही जुळली. श्रीपादने अर्ज परत खिशात घातला आणि त्याला कल्याणची गाडी आठवली.

त्र्यंबकराव भागीरथीबाईंकडे निरखून पाहत होते. "ही बाई कोण? आवाज चांगला आहे. खात्यात घ्या हिला."

"घेतील," भागीरथीबाई म्हणाल्या. "आधी घरी चला."

दोन महिन्यांचे मिळून पस्तीस रुपये झाले. वीस रुपयांवरच्या पावतीला एक आण्याचे तिकीट लागते. पस्तीस रुपये हाती येण्याआधी भागीरथीबाईंजवळ एक आणा नव्हता, आणि तिकीट लागल्याशिवाय पस्तीस रुपये हाती येणार नव्हते. शिपाई गुणाजीने कनवटीचा आणा काढून दिला. पैसे मोजून घेईपर्यंत त्र्यंबकराव फाटकाबाहेर पोहोचले होते, खाडीच्या दिशेने, कामावर. भागीरथीबाई त्यांच्यामागे गेल्या.

गुणाजीचा एक आणा द्यायचा राहिला आहे.