आईकडून आलेलं

नेकनूरहून बीडला येणाऱ्या एसटीत सुमनआत्या शेजारणीकडे पाणी मागायची, तेही सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात. "बाई, घोटभर पाणी द्या. एचआयव्हीची गोळी घ्यायची हाय." एखादीने बाटली मागे घेतली, तर म्हणायची, "ऱ्हाऊ द्या. तुमची तहान लई मोठी दिसती." तिच्यासोबत असले की मी खिडकीबाहेर बघत बसायचे. मला वर्गात उत्तर येत असूनही हात वर करता यायचा नाही.

आत्या पप्पांची थोरली बहीण. नवऱ्याकडून तिला एचआयव्ही झाला. तो गेला, आणि ही शिलाई मशीन घेऊन नेकनूरला एकटी राहिली. "गोळी खाती, ब्लाऊज शिवती. कुनाचं काय घेतलंय?" असं ती विचारायची. बीडला आमच्या घरी मात्र पाहुण्यांसमोर तिचं नाव निघत नसे.

दोन वर्षांपूर्वी तिच्या पायांवर सूज आली. डॉक्टर म्हणाले, एचआयव्ही असलेल्यांच्या किडनीला धोका असतोच, पण काहींना तो घराण्यातूनच जास्त मिळालेला असतो. आजीला एचआयव्ही नव्हता, तरी तीही अशीच अंग सुजून गेली होती. म्हणून भावांनी, त्यांच्या मुलांनीही तपासून घ्यावं.

आत्या दवाखान्यातून थेट आमच्याकडे आली. पिशवीतून लघवीच्या नमुन्याच्या दोन रिकाम्या बाटल्या काढून तिने टीपॉयवर ठेवल्या.

"दत्ता, एक तुजी, एक पोरीची. उद्या सकाळची पहिली."

पप्पांनी आधी दार लावलं. "आक्का, तुझ्या रोगाचा आमच्याशी काय संबंध?"

"एचआयव्ही नवऱ्याचा म्हनून हात झटकलास. किडनी तर आपल्या आईकडची हाय. ती कुनावर ढकलतो?"

"हिचं लग्न व्हायचंय. घराण्यात किडनीचं आहे म्हटल्यावर कोण करील हिला?"

"आन् डायलिसिसवर पडल्यावर? तवा रांग लागंल व्हय नवरदेवांची?"

मला हसू आलं. पप्पांनी दोन्ही बाटल्या परत तिच्या पिशवीत टाकल्या. मी उठले आणि त्यातली एक काढून घेतली. आत्या म्हणाली, "चला, इंग्रजी शाळा वाया न्हाई गेली."

माझ्या लघवीत प्रथिनं सापडली, म्हणजे किडनीला त्रास सुरू झाला होता. लवकर कळलं म्हणून रोजच्या एका गोळीवर भागलं. पप्पांनी तपासून घेतलं नाही. आत्याला मात्र डायलिसिस सुरू झालं. तिथेही ती शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला दरडावायची, "पोरांना तपासलं का? कावून न्हाई?" वर्षभराने ती गेली.

दहाव्याला पप्पांचे धाकटे भाऊ, आत्याचा फोनही न उचलणारे चौसाळ्याचे काका, मुलाबाळांसह आले होते. पप्पा सगळ्यांना सांगत होते, "शुगर होती तिला."

"शुगर नव्हती," मी म्हणाले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. "एचआयव्ही होता, तो तिने कधी लपवला नाही. गेली किडनीने, आणि ते आजीकडून आलंय. मलाही आहे. काका, तुम्ही तपासून घ्या, दोन्ही मुलांचंही करा."

"स्वतःचं लग्न मोडायचंय का?" पप्पा ओरडले.

"जुळलंय कुठे अजून?"

काकू पदराला हात पुसत पुढे आल्या. "कुठं करत्यात गं ही तपासणी?"

मी दवाखाना, खोली, वार, वेळ सगळं सांगितलं. मग पप्पांकडे वळून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.